जाहिरातीचे स्मरण आणि स्मरणाची जाहिरात : जुन्नर-आंबेगावच्या दिवाळीच्या निमित्ताने

साबणाची जाहिरात हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे तात्त्विक उत्तर देत बसण्यापेक्षा, प्रस्तुत लेखकास ज्या अनुभवामुळे हा विषय हाती घ्यावासा वाटला तो सांगणे अधिक सोयीचे होईल. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतून पदव्युत्तर वर्गात आलेल्या काही विद्यार्थ्यांस दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘आमच्या गावची दिवाळी’ या विषयावर दोन-दोन पाने लिहावयास सांगितली होती. त्यांतील बऱ्याच लेखनाचा आरंभ एकाच दृश्याने झाला : पहाटेचा अंधार, एक वृद्ध गृहस्थ, बिऱ्हाडा-बिऱ्हाडाच्या दारावर पडणारी थाप, आणि उठून स्नानास चलण्याची हाक. हे दृश्य ना जुन्नरचे, ना आंबेगावचे. ते मोती साबणाच्या दूरदर्शनवरील जाहिरातीतील आहे. ज्यांच्या गावी एका जिन्याला दहा बिऱ्हाडे नाहीत, ज्यांच्या घराला स्वतंत्र अंगण आहे आणि शेजारी हाकेच्या नव्हे तर बांधाच्या अंतरावर आहे, अशा मुलांनी ते दृश्य स्वतःचे बालपण म्हणून लिहिले होते. त्यांचा सूर खोटा असता तर प्रश्न तेथेच मिटला असता. तो खोटा नव्हता.

गतकाळाविषयीच्या या हुरहुरीस मराठीत आता ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ झाला आहे. पाश्चात्त्य संज्ञेचा जन्म १६८८ मध्ये बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या प्रबंधात झाला, आणि ती मुळात एका व्याधीचे नाव होती. परदेशी राहणाऱ्या स्विस माणसास घराच्या आठवणीने जडणारी व्याधी. आपल्या साहित्यशास्त्राने स्मृतीला व्याधी मानले नाही. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत तिची गणना आहे. म्हणजे ती येते, एखाद्या स्थायी भावाला पुष्ट करते आणि जाते. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत कारणाशिवाय व्याकूळ होतो आणि त्या व्याकुळतेचे मूळ त्याला सापडत नाही. अभिनवगुप्ताने या स्थळाची चर्चा केली आहे ती योग्यच आहे, कारण ज्याचा विषय आठवत नाही असे स्मरण ही तेथील खरी अडचण आहे. आमच्या विद्यार्थ्यांची अवस्था याच्या नेमकी उलट होती. स्मरणाचा विषय त्यांच्यापुढे स्पष्ट, रंगीत आणि सुरासह उभा होता. फक्त तो त्यांच्या आयुष्यात घडलेला नव्हता.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी या प्रदेशात जाहिरात कोणत्या वाटेने आली हे थोडक्यात पाहावे लागेल. डोळ्यांच्या आधी ती कानांनी आली. पुणे आकाशवाणी केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले आणि विविध भारतीवरील व्यापारी प्रसारणास १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून प्रारंभ झाला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. पुण्यास त्याचे सहक्षेपण पुढच्याच वर्षी होऊ लागले. आणि दूरदर्शनवर जाहिराती आल्या त्या १ जानेवारी १९७६ पासून. येथे एक विसंगती नमूद करण्याचा मोह आवरत नाही. भारताचे पहिले व्यापारी उपग्रह भू-केंद्र सत्तरीच्या दशकाच्या आरंभी याच जुन्नर तालुक्यात, आर्वी येथे उभे राहिले. त्याच्या महाकाय तबकडीतून खंडोपखंडीचे संदेश जात-येत होते, त्या काळी भोवतालच्या वाड्या-वस्त्यांत एकही दूरचित्रवाणी संच नसावा ही गोष्ट सहज संभवनीय होती. पुढे खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारल्या गेल्या, त्याही हा मुलूख मानवनिर्मित रेडिओ-गोंगाटापासून पुष्कळसा मुक्त होता म्हणून. थोडक्यात, आकाशाच्या दृष्टीने हा प्रदेश जगाच्या फार जवळ होता. घरातल्या चौकटीत मात्र चित्र उशिरा आले.

त्या उशिराने आलेल्या चित्राची आठवण ही एक स्वतंत्र गोष्ट आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. आज पन्नाशी-साठीत असलेली पिढी विकोच्या किंवा निरमाच्या जाहिरातींचे सूर गुणगुणते तेव्हा तिला हळदीच्या मलमाची किंवा धुण्याच्या पुडीची ओढ लागलेली नसते. एकच वाहिनी, गावात एखाद-दुसरा संच, तो ज्याच्या घरी त्याच्या ओट्यावर दाटीने बसलेली पोरे, आणि मुख्य कार्यक्रमाआधी सर्वांनी मिळून केलेली प्रतीक्षा, यांचे ते स्मरण असते. जाहिरात त्या प्रतीक्षेची खूण होती. या जाहिरातींत सण जवळजवळ नव्हताच. त्या वर्षभर त्याच असत आणि दिवाळीतही त्याच असत. सण घरात होता, पडद्यावर नव्हता. त्यामुळे दोहोंची गल्लत होण्याचा संभव नव्हता.

मोती साबणाच्या बाबतीत क्रम उलटला. साबण जुना. टाटा ऑइल मिल्स या १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ते उत्पादन. एरवीच्या वडीपेक्षा महाग, गोल, जाड, लहान मुलाच्या मुठीत न मावणारी आणि म्हणून हटकून निसटणारी वडी. घाटमाथ्यावरच्या गावांत ती बहुधा मुंबईकरांच्या पिशवीतून आली. जुन्नर-आंबेगावचा मुंबईशी संबंध जुना आहे. बाजारात, गोदीत, डबेवाल्यांच्या व्यवसायात येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबली, आणि दिवाळीला माळशेजने किंवा पुण्यावरून येणाऱ्या एस.टी.तून ती परतत तेव्हा त्यांच्या सामानात वर्षातून एकदाच वापरावयाची वस्तू असणे साहजिक होते. म्हणजे या साबणाचे सणाशी नाते दूरदर्शनने जोडले असे म्हणता येत नाही. परंतु ज्या जाहिरातीचे आज स्मरणरंजन चालते ती गेल्या दशकातील, म्हणजे २०१० नंतरची आहे. तिच्यातील वृद्धाची भूमिका करणारे विद्याधर करमरकर ‘अलार्म काका’ या नावानेच घराघरांत ओळखले गेले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पुष्कळांनी ते आपल्याच शेजारचे गृहस्थ गेल्यासारखे मानले. नटाच्या कर्तृत्वाची ही पावती होय, यात शंका नाही. तथापि तिच्यात आमच्या विषयाचे मर्मही आहे.

कारण ती जाहिरात घडली तेव्हाच तिचा विषय भूतकाळ झाला होता. एकाच्या हाकेने सबंध शेजार जागा व्हावा, वडीलधाऱ्याने परक्याच्या दारावर हक्काने थाप मारावी, ही शेजारपणाची रीत मुंबई-पुण्यात चाळी आणि वाडे पाडून इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हाच ओसरू लागली होती. जाहिरातकाराने जे विकावयास घेतले ते स्नान नव्हते. ते हरवलेल्या शेजाराचे स्मरण होते. आज जो विद्यार्थी त्या जाहिरातीची आठवण काढतो तो स्मरणाच्या एका विक्रीयोग्य प्रतीची आठवण काढतो. रेमंड विल्यम्स या वेल्श समीक्षकाने जाहिरातीस जादूची व्यवस्था म्हटले आणि विकली जाणारी वस्तू केवळ वस्तू म्हणून कधीच पुरेशी ठरत नाही, हे दाखवून दिले. तिला सामाजिक अर्थाची जोड द्यावी लागते. येथे जोड म्हणून दिलेला अर्थच इतका समर्थ निघाला की वस्तू गळून पडली तरी तो टिकेल.

या सामर्थ्याचे रहस्य शोधण्यासाठी जाहिरातीतील हाकेची भाषा पाहावी. ती ओळ येथे उद्धृत करण्याचे कारण नाही. प्रत्येक वाचकाच्या कानात ती आहे. तिची बांधणी तीन घटकांची आहे : उठण्याची द्विरुक्त आज्ञा, सण आल्याची वार्ता, आणि वेळ झाल्याची सूचना. मराठी कानाला ही बांधणी परकी नाही. भूपाळी अशीच उठवते, वासुदेव असाच दाराशी येतो, आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या देवळांतून पहाटे चालणारा काकडा हेच करतो. जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत काकड्याची परंपरा आजही आहे, आणि दिवाळी नेमकी त्या महिन्याच्या मध्यावर येते. जाहिरातीने या हाकेचा सूर घेतला आणि देव तेवढा वगळला. भूपाळीत मनुष्य देवाला उठवतो, जाहिरातीत काका शेजाऱ्याला उठवतात, आणि देवाच्या रिकाम्या जागी साबण बसतो. हे कौशल्य सामान्य नाही. आमच्या काही कवींना लोकपरंपरेतील लय इतक्या सहजतेने उचलता आली असती तर बरे झाले असते, असेही मनात येऊन जाते.

याहून सूक्ष्म कारागिरी ‘मोती स्नान’ या जोडशब्दात आहे. गंगास्नान, मंगलस्नान, अभ्यंगस्नान यांच्या पंक्तीत तो शब्द निमूटपणे जाऊन बसतो. व्याकरणदृष्ट्या तो निर्दोष आहे. ‘मोतीने स्नान’ असा तृतीया तत्पुरुष सहज सोडवता येतो. पण प्रत्येक समासाला एक इतिहास असतो, आणि येथे कोणते पूर्वपद काढून हे बसवले आहे ते पाहिले पाहिजे. ते पद ‘अभ्यंग’ होय. अभ्यंग म्हणजे तेलाने अंग माखणे. काशीनाथ उपाध्याय यांच्या ‘धर्मसिंधू’त (१७९०) नरकचतुर्दशीस चंद्रोदयी करावयाच्या स्नानाचे जे विधान आहे त्याचा गाभा तेल हा आहे, स्नान चालू असता अपामार्गाची, म्हणजे आपल्या आघाड्याची, डहाळी अंगावरून फिरवावयाची असते. साबणाचे कार्य तेल काढून टाकणे हे आहे. म्हणजे ज्या द्रव्यासाठी हा विधी, त्या द्रव्याचे निवारण करणारी वस्तू त्या विधीच्या नावात विराजमान झाली. उटणे मधली वाट काढीत असे. ते तेल टिपून घेई आणि स्निग्धपणा राखी. रोलां बार्थने १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलजीज्‌’ या ग्रंथात साबणचुऱ्याच्या जाहिरातींतील फेसाविषयी लिहिले आहे. फेस हे विपुलतेचे आणि ऐषआरामाचे चिन्ह ठरते, त्याचा स्वच्छतेशी संबंध असो वा नसो. आमच्याकडे फेसाने तेलाची जागा घेतली एवढेच त्यात जोडावे लागेल.

यावरून जाहिरातीने परंपरा नष्ट केली असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. तो घाईचा आहे. पहाटे उठण्याचा नेम शहरात आणि आता खेड्यातही सुटत चालला असता, निदान एक दिवस अंधारात न्हावयाचे असते ही जाणीव त्या तीस-चाळीस सेकंदांनी जागी ठेवली. वेळ राखली, द्रव्य बदलले. परंपरांच्या इतिहासात अशी अदलाबदल नवी नाही. शिवाय आपली दिवाळी जाहिरातीपासून मुक्त केव्हा होती, हेही विचारले पाहिजे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आजपर्यंत मराठी माणसाचा वाङ्मयीन सण जाहिरातदारांच्या पानांवर उभा आहे. तेलाची आणि साबणाची पाने उलटीतच आपण त्यांतील कथा-कविता वाचल्या. तेव्हा शुद्ध परंपरेच्या ओट्यावर बसून दूरदर्शनकडे बोट दाखवण्याचा अधिकार निदान मराठीच्या प्राध्यापकास नाही.

परदेशातील उदाहरणेही सावधपणे वापरावी लागतात. तांबड्या वेषातला गुबगुबीत सांता क्लॉज कोका-कोला कंपनीने जन्माला घातला असे सर्रास सांगितले जाते. हॅडन संडब्लॉम यांची त्या कंपनीसाठी काढलेली चित्रे १९३१ पासूनची. पण त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, टॉमस नॅस्टने ती मूर्ती बरीचशी घडवली होती. जाहिरातीने निर्मिती केली नाही. अनेक रूपांतून एक निवडले आणि तेच सर्वत्र नेले. जपानमध्ये १९७४ पासून चाललेल्या मोहिमेने नाताळात तळलेली कोंबडी खाण्याची रीतच रुजवली, परंतु तेथे आधीचा देशी विधी नव्हता ज्याची जागा तिने घ्यावी. इंग्लंडमध्ये जॉन लुइस या दुकानाची २००७ पासून दरवर्षी येणारी नाताळची जाहिरात हीच सणाच्या आगमनाची वर्दी मानली जाऊ लागली. आपल्याकडेही मोतीची जाहिरात दिसली म्हणजे दिवाळी आली असे विनोदाने म्हणतात, आणि विनोद हा रूढीचा पहिला पुरावा असतो. या तिन्ही उदाहरणांपैकी आमच्या प्रश्नाला खरोखर लागू पडते ते पहिले. जाहिरातीची सत्ता निवडण्यात आहे. मग निवडीतून काय वगळले गेले, हा पुढचा प्रश्न होतो. आणि तो जुन्नर-आंबेगावात जितका टोकदार आहे तितका पुण्याच्या पेठांत नाही.

या दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कड्याला भिडलेला आहे. नाणेघाटाच्या अंगाचे घाटघर, हातवीज, भीमाशंकरच्या बाजूचे आहुपे ही तिकडची गावे. वस्ती बहुतांशी महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. तेथील दिवाळीचा महत्त्वाचा दिवस आश्विन वद्य द्वादशी. देशावर ही वसुबारस, गाय-वासराच्या पूजेची. डोंगरात तीच वाघबारस आहे. वाघोबाच्या ठाण्याशी, म्हणजे बहुधा शेंदूर लावलेल्या पाषाणाशी किंवा वाघ कोरलेल्या लाकडी फळीशी, गुराखी जमतात, नैवेद्य शिजतो. कोठे एखादा वाघ होतो आणि बाकीचे त्याला शिवेपलीकडे पिटाळतात. वर्षभर गुरे सांभाळल्याबद्दल जनावराच्याच देवाला मान द्यावयाचा, असा हा करार आहे. गाय आणि वाघ यांची पूजा एकाच तिथीस पडावी, यात जी समज आहे ती स्नानाच्या कोणत्याही फेसापेक्षा खोल आहे. आणि ती कालबाह्यही नाही. माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांच्या पाण्यावर पूर्व भागात ऊस वाढला, उसात बिबट्या वाढला. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते. जुन्नरच्या शेतकऱ्याला वाघोबाशी करार करण्याची गरज आज त्याच्या आजोबापेक्षा कमी नाही.

ही वाघबारस कोणत्याही जाहिरातीत नाही. असण्याचे कारणही नाही. तिच्यात विकावयाची वस्तू नाही. कारीट किंवा चिराटे अंगठ्याने फोडणे, गाई-म्हशी ओवाळीत पोरांनी घरोघर फिरणे, मातीचा किल्ला, आणि तो शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाने करावा यातली गंमत, हेही तिच्यात फारसे नाही. १९९९ मध्ये अल्फा मराठीपासून खाजगी मराठी वाहिन्यांचा काळ सुरू झाला आणि मराठी सणासाठी मराठी जाहिरात करणे व्यापाऱ्याला परवडू लागले. पण ‘मराठी’ म्हणून जे चित्र सिद्ध झाले ते दादर-गिरगावचे आणि सदाशिव पेठेचे. पुणे जिल्ह्यातच राहून पुणे जिल्ह्याचा अर्धा सण त्या चित्राबाहेर राहिला. शहरी प्रेक्षकाचे स्मरणरंजन त्याला निदान त्याच्या आजोबांच्या चाळीशी नेऊन जोडते. घाटघरच्या मुलाचे स्मरणरंजन त्याला दुसऱ्याच्या आजोबांशी जोडते, आणि स्वतःच्या आजोबांचा वाघोबा मध्ये कोठेतरी निसटतो.

आणखी एक गोष्ट जाता जाता. डिंभे जलाशयास हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा हा कामगार परदेशी मालाच्या गाडीपुढे आडवा झाला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला मारला गेला. वस्तू कोणाची, हा प्रश्न त्या पिढीस प्राणाहून मोठा वाटला. टाटा ऑइल मिल्स १९९३-९४ मध्ये हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली आणि मोतीची मालकी बदलली. ‘आपला’ साबण म्हणून त्याची आठवण काढणाऱ्यांच्या स्मरणात या बदलाची कोठे नोंद दिसत नाही. यात कोणास दोष द्यावयाचा नाही. स्मरणरंजन वस्तूचा वास आणि सूर जपून ठेवते, तिचा धनी कोण हे ठेवीत नाही, एवढेच यातून दिसते.

आरंभी उल्लेखिलेल्या उत्तरपत्रिकांपैकी एक पश्चिम खोऱ्यातील विद्यार्थिनीची होती. तिच्या पहिल्या पानावर सात-आठ ओळी लिहून मग आडव्या रेघेने खोडल्या होत्या, आणि त्यांच्या खाली जिना, काका व साबण यांचे ते परिचित दृश्य सुरेख अक्षरात लिहिले होते. खोडलेला मजकूर वाचता येत होता. त्यात तिच्या चुलत्याने वाघ होऊन भाताच्या खाचरातून मारलेली धाव होती, त्याच्या अंगावर ओढलेले राखेचे पट्टे होते, आणि भिऊन रडणारा तिचा धाकटा भाऊ होता. ते का खोडले असे विचारता ती म्हणाली, “सर, विषय दिवाळीचा होता. हे तर आमच्याकडचं आहे.”